गाडी शहाणी झाली, रस्त्याचे काय?

विशेष प्रतिनिधी, पालघर

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी एक मोटार आदळली आणि टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. या अपघाताने देशभर खळबळ उडाली. मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे, हा नियम जुना असूनही अनेकांना तेव्हाच प्रथम कळला. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्या गदारोळात एक दुसरा प्रश्न मागे पडला. तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी येऊन दोन मार्गिकांचा होतो आणि पुलाचा कठडा वाहनाच्या वाटेत येतो, ही गोष्ट पोलिसांना, महामार्गावरील कर्मचाऱ्यांना, रोज ये-जा करणाऱ्या ट्रकचालकांना आणि परिसरातील गावकऱ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त त्या गाडीला.

अपघातानंतर गाडीच्या संगणकात साठलेली माहिती निर्मात्या कंपनीकडून पोलिसांनी मिळवली. धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळी तो ८९ वर आला होता, असे त्यातून पुढे आले. म्हणजे आधुनिक गाडी स्वतःविषयी पुष्कळ काही जाणते. चाके किती फिरली, ब्रेक कधी दाबला गेला, हे ती सेकंदासेकंदाने नोंदवून ठेवते. मात्र पुढच्या ३०० मीटरवर रस्ता अरुंद होणार आहे, हे तिला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. ही गाडी स्वयंचलित नव्हती, ती माणूसच चालवत होता. तरीही स्वतः ब्रेक लावणाऱ्या आणि मार्गिका सांभाळणाऱ्या गाड्या भारतीय रस्त्यांवर वेगाने वाढत असताना या अपघाताने दाखवून दिलेली उणीव अधिकच महत्त्वाची ठरते. गाडीबाहेरची माहिती गाडीपर्यंत कशी पोहोचवायची आणि ती खरी असल्याची हमी कोणी घ्यायची, हाच यापुढच्या रस्ता सुरक्षेचा कळीचा प्रश्न आहे.

डोळे आहेत, पण दृष्टी किती?

चालकाला साह्य करणाऱ्या यंत्रणेचे ‘अडास’ हे लघुरूप आता वाहनांच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचले आहे. पूर्वी केवळ महागड्या आयात गाड्यांत असणारी ही सोय २०२१ मध्ये महिंद्राच्या ‘एक्सयूव्ही ७००’ सारख्या गाडीतून मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, मार्गिका सुटल्यास सावध करणे, धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणे ही तिची प्रमुख कामे. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या सर्वमान्य श्रेणीत भारतात विकल्या जाणाऱ्या अशा गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. याचाच अर्थ, सुकाणू आणि ब्रेक यंत्राने सांभाळले तरी लक्ष व जबाबदारी चालकाचीच राहते.

या गाड्यांचे डोळे म्हणजे कॅमेरा आणि रडार. कॅमेऱ्याला पांढरे पट्टे दिसावे लागतात. पालघरच्या मुसळधार पावसात, समोरच्या कंटेनरने उडवलेल्या पाण्याच्या फवाऱ्यात किंवा मावळत्या सूर्याच्या तिरिपीत ते दिसेनासे होतात. रडारला पाऊस तितकासा अडवत नाही. पण त्याची अडचण निराळी आहे. रस्त्याकडेचा खांब, कमान, कठडा, फलक अशी प्रत्येक स्थिर वस्तू त्याला दिसते आणि प्रत्येकीसाठी गाडी ब्रेक लावू लागली तर ती चालणारच नाही. त्यामुळे बऱ्याच यंत्रणांमध्ये वेगात असताना स्थिर वस्तूंकडून येणारे संकेत मोठ्या प्रमाणावर गाळले जातात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. पुलाचा कठडा हा आपल्या वाटेतला अडथळा आहे की वाटेकडेचा, हा निर्णय यंत्राला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो.

म्हणूनच जगभरातील अभियंते गाडीबाहेरच्या माहितीकडे वळले आहेत. सविस्तर नकाशा, वेगमर्यादेची नोंद, पूर्वीच्या अपघातांची ठिकाणे, हवामान, चालू असलेली दुरुस्तीची कामे आणि पुढे गेलेल्या गाड्यांनी पाठवलेल्या सूचना हे सारे मिळून गाडीला वळणापलीकडचे दाखवू शकतात. जर्मनीत २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने तिसऱ्या पायरीची, म्हणजे ठरावीक परिस्थितीत चालकाला रस्त्यावरून नजर हटवण्याची मुभा देणारी यंत्रणा विक्रीस आणली, तेव्हा तिचा वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत मर्यादित होता आणि ती केवळ आधी नकाशाबद्ध केलेल्या महामार्गांवरच चालत असे. जपानमध्ये होंडाने २०२१ मध्ये आणलेली गाडीही अशाच अतिसूक्ष्म नकाशाच्या आधारे चालत होती. जिथली माहिती पक्की नाही तिथे यंत्राने गाडी हाती घ्यायचीच नाही, असा हा दंडक आहे.

८० आणि १२० चा भोंगा

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना वेगाची सूचना देणारा भोंगा सक्तीचा आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की तो अधूनमधून वाजतो आणि १२० ओलांडले की सतत. उद्देश स्तुत्य असला तरी या भोंग्याला रस्ता कळत नाही. मोकळ्या द्रुतगती मार्गावर आणि मनोरच्या मस्तान नाक्यावर त्याचे वागणे सारखेच असते. शाळेसमोर ताशी ७० च्या वेगाने गाडी गेली तरी तो गप्प बसतो. सतत वाजणाऱ्या आणि परिस्थितीशी संबंध नसलेल्या सूचनेकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, हा नित्याचा अनुभव आहे.

युरोपीय संघाने याच बाबतीत पुढचे पाऊल टाकले. जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२४ पासून सर्वच नव्या मोटारींना तेथे वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा बंधनकारक झाली. ही यंत्रणा रस्त्यावरचे फलक कॅमेऱ्याने वाचते किंवा नकाशातील मर्यादा तपासते आणि चालकाला त्या ठिकाणच्या वेगाविषयी सावध करते. चालकाला ती डावलता येते. तरीही तेथे चुकीच्या सूचनांच्या तक्रारी आल्याच. कारण बदललेला फलक नकाशात उतरलेला नसतो किंवा कॅमेरा शेजारच्या रस्त्याचा फलक वाचतो. यावर युरोपने काढलेला मार्ग लक्षणीय आहे. २०२३ मध्ये सुधारलेल्या निर्देशानुसार वेगमर्यादा, बंद रस्ते, दुरुस्तीची कामे यांसारखी महत्त्वाची माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात उपलब्ध करून देणे हे सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य ठरले. निसरडा रस्ता, रस्त्यावर आलेले प्राणी अथवा माणसे, उलट दिशेने येणारे वाहन, अल्पकाळाची दुरुस्ती अशा आठ प्रकारच्या धोक्यांची माहिती वाहनचालकांना विनामूल्य मिळावी, असा नियम तर तेथे २०१३ पासूनच आहे.

या आठ प्रकारांची यादी पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गाला लावून पाहिली तर जवळपास प्रत्येक बाब येथे आढळते. फरक इतकाच की, ती सांगण्याची व्यवस्था येथे नाही.

नकाशा खोटा ठरतो तेव्हा

बाहेरची माहिती मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये रामगंगा नदीवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ते मोबाइलवरील नकाशाच्या आधारे जात असल्याचे सांगण्यात आले. पुलाचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता. नकाशात पूल होता, जागेवर नव्हता आणि रस्त्यावर पुरेसे अडथळेही नव्हते. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर आणि नकाशा पुरवणाऱ्या कंपनीच्या अनाम अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवला. पूल वाहून गेल्याची खबर नकाशापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा मूळ प्रश्न मात्र त्यातून ऐरणीवर आला.

तिथे गाडी माणूस चालवत होता. तीच चूक यंत्राच्या हाती गाडी असताना घडली तर काय, याचे उत्तर अमेरिकेतील दोन अपघातांत सापडते. फ्लोरिडात मे २०१६ मध्ये टेस्लाची गाडी स्वयंचालन यंत्रणा सुरू असताना रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. तो महामार्ग दुभाजकयुक्त होता, परंतु त्यावर आडवे छेद रस्ते होते. ही यंत्रणा ज्या प्रकारच्या बंदिस्त मार्गासाठी योग्य मानली जात होती, तसा तो नव्हता. तरीही ती तिथे सुरू करता येत होती, यावर तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने बोट ठेवले आणि यंत्रणेचा वापर तिच्या मर्यादेतल्या रस्त्यांपुरताच राहील अशी व्यवस्था करण्याची शिफारस केली. कॅलिफोर्नियात मार्च २०१८ मध्ये दुसरी गाडी मार्गिका फुटण्याच्या जागी पट्ट्यांची गफलत होऊन दुभाजकाच्या टोकावर आदळली. तेथील धक्का शोषून घेणारे साधन आधीच्या एका अपघातात ११ दिवसांपूर्वी चेपले होते आणि ते बदलले गेले नव्हते. मंडळाने यंत्रणा आणि चालक यांच्याबरोबर रस्ता सांभाळणाऱ्या खात्यालाही सुनावले.

पालघरच्या वाचकाला या दोन्ही गोष्टी दूरच्या वाटणार नाहीत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग हा सहा मार्गिकांचा असला तरी तो पूर्णपणे बंदिस्त मार्ग नाही. गावांचे फाटे, हॉटेले, पेट्रोल पंप आणि दुभाजकांतील छेद यांमुळे आडवी वाहतूक त्याला सोडत नाही. वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणारी दुचाकी येथे अपवाद नव्हे. २०२४ मध्ये या महामार्गावर काँक्रीटचा थर देण्याचे, म्हणजे ‘व्हाइट टॉपिंग’चे काम सुरू असताना मार्गिका बंद होत, वाहने दुसऱ्या बाजूला वळवली जात आणि तासन्‌तास कोंडी होई. अशा वेळी आधी तयार केलेला नकाशा कितीही सूक्ष्म असला तरी तो कालचा रस्ता दाखवतो. गाडीला नकाशावर विश्वास ठेवायचा की कॅमेऱ्यावर, हे ठरवावे लागते. दोहोंत विसंगती आढळल्यास वेग कमी करून गाडी चालकाच्या हाती देणे, हे त्यावरचे सुरक्षित उत्तर. पण त्यासाठी ती माहिती किती जुनी आहे, कोणी दिली आणि किती खात्रीची आहे, हेही गाडीला कळले पाहिजे. कोणताही सुटा भाग नादुरुस्त नसतानाही निव्वळ अपुऱ्या आकलनामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२२ मध्ये ‘आयएसओ २१४४८’ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, ते याच जाणिवेतून.

अचूकतेचाही प्रश्न आहे. महामार्गावरील मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते, तर उपग्रहाधारित साध्या स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक सहज राहते. गाडी मुख्य मार्गावर आहे की सेवा रस्त्यावर, उड्डाणपुलावर की खाली, हे तेवढ्याने खात्रीने सांगता येत नाही. सेवा रस्त्याची वेगमर्यादा मुख्य मार्गावरील गाडीला लागू करून तिला अचानक ब्रेक लावला, तर मागून येणाऱ्या ट्रकची धडक ठरलेली.

अपघातांची नोंद आणि तिचा उपयोग

मिस्त्री यांच्या अपघातानंतर महामार्ग पोलिसांच्या हवाल्याने जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, ती बोलकी होती. ठाणे जिल्ह्यातील घोडबंदर ते पालघर जिल्ह्यातील दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या टप्प्यात २०२२ च्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांत २६२ अपघात होऊन किमान ६२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १९२ जण जखमी झाले होते. एकट्या चारोटी परिसरात २५ गंभीर अपघातांत २६ जणांनी प्राण गमावले होते. चिंचोटीजवळ ३४ गंभीर अपघातांत २५ मृत्यू झाले होते. म्हणजे एका नामवंत व्यक्तीचा बळी जाण्यापूर्वीच या ठिकाणाने आपली ओळख पटवून दिली होती.

राष्ट्रीय महामार्गावरील साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले की त्याला अपघातप्रवण स्थळ, रूढ भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणतात. ही व्याख्या मुळातच मागे पाहणारी आहे. माणसे मेल्याखेरीज जागा यादीत येत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातच, नागपुरात झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर धडकेची सूचना देणारी उपकरणे बसवण्यात आली. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्र यांचा त्यात सहभाग होता. बसचालकाला सावध करणे हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा की, सर्व बसगाड्यांना जिथे पुन्हापुन्हा धोक्याच्या सूचना मिळतात त्या जागा नकाशावर उमटतात. अपघात घडण्याआधीच धोक्याची जागा कळावी आणि ती ‘काळी’ होण्यापूर्वी दुरुस्त व्हावी, ही त्यामागची कल्पना.

केंद्र सरकारनेही अपघातांच्या नोंदीसाठी आयआयटी मद्रासच्या साह्याने एकात्मिक माहितीकोश उभारला. पथदर्शी राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. घटनास्थळी पोहोचलेला पोलीस मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह नोंद करतो आणि ती परिवहन, आरोग्य व रस्ते विभागांना पाहता येते. याच संस्थेच्या सहकार्याने डिसेंबर २०२१ मध्ये ‘मॅपमायइंडिया’च्या नकाशावर अपघातप्रवण ठिकाणे, तीव्र वळणे, खड्डे यांची सूचना देणारी मार्गदर्शक सेवा सुरू करण्यात आली. पायाभरणी झाली आहे, हे यावरून दिसते. मात्र अशा नोंदीतून धोक्याची जागा कळते, कारण कळतेच असे नाही. ‘अतिवेग’ एवढा शेरा मारला की प्रकरण मिटते. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण ठार झाले आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकले गेले. त्यात मार्गिका कुठे संपली, पट्टे पुसट होते का, फलक झाडामागे होता का, हे हरवून जाते. २०२३ मध्ये मृतांचा आकडा १ लाख ७२ हजार ८९० वर गेला.

सुरक्षित यंत्रणा घडवणाऱ्या अभियंत्याला नेमका हाच तपशील हवा असतो. जर्मनीत १९९९ पासून हॅनोवर व ड्रेस्डेन परिसरातील अपघातांचा सखोल अभ्यास करून त्यांची संगणकावर पुनर्रचना केली जाते आणि नवी ब्रेक यंत्रणा त्या प्रसंगांत काय करील याची परीक्षा घेतली जाते. भारतात असाच सखोल नोंदींचा ‘रासी’ हा उपक्रम २०११ पासून कोइम्बतूर, पुणे आदी ठिकाणी चालू झाला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची सुमारे १० हजार चित्रे वर्गवारीसह संशोधकांना खुली केली. त्यात रिक्षा आणि जनावरे यांनाही वर्ग होते. बेंगळुरू आणि हैदराबाद येथील या चित्रांनी यंत्राला रिक्षा शिकवली. पण रात्री महामार्गाकडेने डोक्यावर मोळी घेऊन जाणारी बाई, दिवे नसलेला उभा कंटेनर आणि दुभाजक ओलांडणारी पाड्यावरची शाळकरी मुले शिकवायची, तर पालघरसारख्या जिल्ह्यातील नोंदी हव्यात.

बोईसर-तारापूरची वाहतूक

हा प्रश्न केवळ मोटारमालकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आहेत. त्यांचा कच्चा व पक्का माल बोईसर-चिल्हार रस्त्याने महामार्गाकडे ये-जा करतो. या रस्त्यावर रसायनांचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, सहा आसनी रिक्षा आणि पाळी संपवून घरी निघालेले दुचाकीस्वार कामगार एकाच डांबरी पट्ट्यावर असतात. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. ज्याच्याकडे शहाणी गाडी नाही, तोच या वाहतुकीत सर्वाधिक उघडा आहे.

धोकादायक माल वाहणाऱ्या मध्यम व जड वाहनांना स्थान सांगणारे उपकरण बसवण्याचा नियम २०२२ मध्ये आला. प्रवासी वाहनांसाठी तो २०१९ पासूनच लागू झाला होता. टँकर कुठे आहे, किती वेगाने जात आहे, कुठे एकाएकी थांबला, ही माहिती त्यामुळे तयार होते. मात्र ती मालकाकडे आणि नियंत्रण कक्षाकडे जाते. मागून येणाऱ्या बसला ‘पुढच्या वळणावर टँकर बंद पडला आहे’ हे सांगण्यासाठी तिचा उपयोग होत नाही. आपोआप ब्रेक लावणारी, मार्गिका सुटल्याची आणि चालकाला डुलकी लागल्याची सूचना देणारी यंत्रणा बस व ट्रकना टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. जड वाहनांपासून सुरुवात करण्याचा हा विचार योग्य दिशेचा आहे. पण पट्टे नसलेल्या रस्त्यावर मार्गिका सुटल्याची सूचना कशाच्या आधारे द्यायची, हा प्रश्न त्या मसुद्याबरोबरच रस्ते खात्यापुढेही ठेवला पाहिजे.

तारापूरच्या बाबतीत आणखी एक कंगोरा आहे. येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र कार्यरत आहे. अशा परिसराचे सूक्ष्म नकाशे हा सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक विषय. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांविषयीचे धोरण बरेच सैल केले. तथापि, एक मीटरहून अधिक अचूक नकाशे तयार करण्याचा व साठवण्याचा अधिकार भारतीय संस्थांपुरता ठेवला आणि संवेदनशील बाबी नकाशावर दाखवण्यास मनाई कायम राहिली. मार्गिका सांभाळणाऱ्या गाडीला मीटरहून सूक्ष्म नकाशाच लागतो. तेव्हा तो कोण बनवणार, परदेशी कंपनीच्या गाडीला तो कोणत्या अटीवर मिळणार आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कामगाराच्या हालचालींची नोंद कोणाकडे राहणार, याची उत्तरे तंत्रज्ञांनी एकट्याने द्यायची नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा येथेही लागू होतो.

शेजारच्या रुळांचा धडा

महामार्गापासून काही किलोमीटरवर, पालघर आणि बोईसर स्थानकांतून पश्चिम रेल्वेचा मार्ग जातो. रेल्वेने स्वीकारलेली ‘कवच’ प्रणाली बाहेरच्या माहितीवरच चालते. रुळांवरील खुणा गाडीला ती नेमकी कुठे आहे ते सांगतात, सिग्नलची स्थिती रेडिओद्वारे इंजिनात पोहोचते आणि चालकाने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केल्यास गाडीला आपोआप ब्रेक लागतो. बोईसर हे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचेही नियोजित स्थानक आहे आणि तिचा ५०८ किलोमीटरचा मार्ग तर संपूर्णपणे अशाच स्वयंचलित नियंत्रणावर आधारलेला असणार आहे.

रेल्वेला हे जमते याचे कारण केवळ तंत्रज्ञान नाही. सिग्नल कोणाचा, रूळ कोणाचा, दुरुस्ती चालू असताना वेगमर्यादा कोणी घालायची आणि ती चालकाला कोणी कळवायची, हे तेथे लेखी ठरलेले आहे. माहिती चुकली तर जबाब द्यावा लागतो. रस्त्यावर मात्र बांधणारा एक, टोल वसूल करणारा दुसरा, दंड करणारा तिसरा आणि नकाशा करणारा चौथा. ठेकेदाराने रात्रीत मार्गिका बंद केली तर ती खबर पोलिसांना, नकाशाला आणि गाडीला देण्याचे बंधन कोणावरही स्पष्टपणे नाही.

जबाबदारीचे काय?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांत ठरवलेले निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जीवितहानीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहेच. शिवाय रस्त्याविषयीची माहिती अद्ययावत ठेवणे हाही देखभालीचा भाग मानायचा की नाही, याबाबत कायदा मौन बाळगतो. यापुढे तो मानावा लागेल. केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नाही, असे २०१७ पासून अनेकदा सांगितले आहे. त्यामागे चालकांच्या रोजगाराची चिंता आहे. पण चालकासह चालणाऱ्या, अर्धवट स्वयंचलित गाड्या आधीच रस्त्यावर आल्या आहेत. त्यांना चुकीची माहिती मिळाली तर ठपका सुकाणूमागे बसलेल्या माणसावर येणार, हे उघड आहे. मग तो मालक असो वा पगारी चालक.

उपाय फार दूरचे नाहीत. मार्गिका बंद करण्याचा परवाना देतानाच तिची जागा व वेळ संगणकीय स्वरूपात जाहीर करण्याची अट ठेकेदाराला घालता येईल. प्रत्येक पूल, अरुंद टप्पा, छेद आणि वेगमर्यादा यांची अधिकृत, तारीख नमूद केलेली यादी महामार्ग प्राधिकरणाने सर्व नकाशा कंपन्यांना खुली करावी. पोलिसांच्या अपघात नोंदीत रस्त्याच्या दोषांचा रकाना सक्तीने भरला जावा. गाड्यांच्या यंत्रणांनी वारंवार दिलेल्या सूचना व्यक्तीची ओळख वगळून रस्ते विभागाकडे परत याव्यात. आणि या सर्वांच्या आधी, पुसट झालेले पट्टे रंगवले जावेत. ते यंत्रालाही लागतात आणि माणसालाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला होता. अपघातांचा अभ्यास करून दोष हेरणे, रस्त्याची दुरुस्ती, पोलीस बंदोबस्त आणि जखमींना तातडीची मदत या मार्गाने तेथील मृत्यू त्यानंतरच्या वर्षांत निम्म्याहून खाली आणले गेले. त्यासाठी एकाही स्वयंचलित गाडीची गरज पडली नाही. गोळा केलेली माहिती आधी रस्ता दुरुस्त करण्यासाठी वापरली, एवढेच. चारोटीच्या पुलापाशीही धक्का शोषून घेणारे साधन बसवले गेले, पण ते अपघातानंतर.

पालघर जिल्ह्यापुढे आता मोठे स्थित्यंतर आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदराला स्थानिक मच्छीमार आणि बागायतदारांचा विरोध आहे आणि तो वाद स्वतंत्र आहे. परंतु ते उभे राहिले तर सुमारे ३२ किलोमीटरच्या नव्या रस्त्याने कंटेनरची रीघ महामार्गाकडे येईल. हा रस्ता कागदावर असतानाच त्याचा संगणकीय नकाशा, त्याच्या सूचना आणि त्यांची जबाबदारी निविदेत लिहिली गेली, तर पुढच्या चारोटीला टाळता येईल. ते झाले नाही, तर गाड्या कितीही शहाण्या निघाल्या तरी पुलाच्या कठड्याची खबर त्यांना धडकेतूनच मिळत राहील.